चिन्ह कुणाचं, संपादक कुणाचा?

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर कुणाची खुर्ची गेली, ही बातमी पेपरात छापून येण्याआधी चहावाल्याला कळते, असा आमचा लौकिक. पण बालरोगशास्त्राच्या मासिकाचा संपादक बदलतो तेव्हा इथलं पानही हलत नाही. वास्तविक या विषयातली गुंतागुंत समजायला आमच्याइतकी लायक जनता देशात दुसरी नसेल.

आता बघा. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स ही देशभरातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना. तिचं मुख्यालय जुईनगरला, ठाण्याहून पनवेल लोकल पकडली की उतरून चालत जाण्याच्या अंतरावर. तिचं मुखपत्र ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’ मात्र दिल्लीतून चालतं. ऑफिस महाराष्ट्रात आणि शाई दिल्लीत, ही व्यवस्था फोड करून सांगावी लागेल असा मराठी माणूस मला अजून भेटायचाय.

पुढे ऐका. ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’ वेगळं आणि ‘इंडियन जर्नल ऑफ पेडिॲट्रिक्स’ वेगळं. दुसरं डॉ. के. सी. चौधुरी यांनी १९३३ साली कोलकात्यात काढलं, आणि आजही ते निघतं. दोन्हींत मुलं तीच, गोवर तोच, नावात फरक म्हणाल तर ‘जर्नल ऑफ’ एवढाच. नवखा लेखक एकीकडे निबंध पाठवून दुसरीकडे चौकशी करत असेल, तर त्याला हसू नये. मूळ कोण आणि गट कोण, हे ठरवताना भल्याभल्यांची तारांबळ आपण पाहिली आहे.

पण खरी नवलाची गोष्ट १९६३ची. तोवर मुंबईच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना वेगळी आणि कोलकात्याची वेगळी. दोन्हींचं मासिकही स्वतंत्र. त्या दोन्ही संघटना बसल्या, बोलल्या आणि चक्क एक झाल्या! जानेवारी १९६४ पासून दोन्ही मासिकांची जुनी नावं गेली आणि एकच नवं ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’ निघालं. कुणी गुवाहाटीला गेलं नाही. दोन गट जवळ येऊन दोघांनीही आपापलं नाव सोडल्याचं हे उदाहरण मी नाक्यावरच्या एका जुन्या निष्ठावंताला सांगितलं, तर तो म्हणाला, “डॉक्टर होते हो ते. राजकारण कुठून जमणार?”

जमतं, जगात सगळ्यांना जमतं. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, मेंदूच्या प्रतिमाशास्त्रातल्या ‘न्यूरोइमेज’ या नामवंत मासिकाच्या चाळीसहून अधिक संपादकांनी एकगठ्ठा राजीनामे दिले. एक निबंध छापायचे ३,४५० डॉलर हा दर लूट आहे, कमी करा, एवढीच त्यांची मागणी. प्रकाशक एल्सेव्हिअर म्हणाला, जमणार नाही. संपादक निघाले, ‘इमेजिंग न्यूरोसायन्स’ नावाची नवी मशाल पेटवून बसले. धनुष्यबाण, म्हणजे जुनं नाव, प्रकाशकाकडेच राहिलं. तिथे बिचाऱ्यांना दाद मागायला निवडणूक आयोगसुद्धा नव्हता.

संपादक टिकतोही. अमेरिकेच्या ‘पेडिॲट्रिक्स’ या मासिकात जेरॉल्ड लुसी १९७४ पासून २००८ पर्यंत, तब्बल ३५ वर्षं बसले. आपल्याकडे एवढ्या वर्षांत एक नगरसेवक चार पक्ष फिरून येतो. आणि संपादक एका रात्रीत जातोही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने जानेवारी १९९९मध्ये आपल्या ‘जामा’चे संपादक जॉर्ज लुंडबर्ग यांना १७ वर्षांच्या सेवेनंतर घरी पाठवलं. क्लिंटनसाहेबांवर महाभियोग चालू असताना, कॉलेजची मुलं कशाला शरीरसंबंध मानतात याचा सर्व्हे त्यांनी छापला, हा गुन्हा. वेळ चुकली की लेखच काय, माणूसही मागे घेतला जातो.

आपल्याकडे नव्या संपादकाचं स्वागत व्हायला हवं तसं होत नाही, ही माझी तक्रार आहे. फ्लेक्सचा आराखडा तर वैद्यकीय निबंधातच तयार असतो. पहिलं नाव रात्री जागलेल्या निवासी डॉक्टराचं, शेवटचं विभागप्रमुखांचं, मध्ये शुभेच्छुक. २०१५ साली मेडिकल कौन्सिलने नियम काढला, की प्राध्यापकांच्या बढतीसाठी निबंधावरची पहिली दोनच नावं धरायची. त्या दिवशी कॉलेजाकॉलेजांत जे जागावाटप सुरू झालं असेल, त्यापुढे कुठल्याही युतीची बोलणी फिकी. निबंधावर नाव हवं आणि आतला मजकूर वाचायचा नाही, ही पद्धत शुभेच्छुकांनी डॉक्टरांकडून उचलली की डॉक्टरांनी शुभेच्छुकांकडून, यावर एखादा निबंध व्हायला हरकत नाही.

मावळत्या संपादकाचं शेवटचं संपादकीय आणि नव्याचं पहिलं शेजारी ठेवून वाचा. जाणारा सांगतो, मासिक शिखरावर नेलं. येणारा म्हणतो, आता प्रगतीला सुरुवात करू. दोघांनीही अहवाल रखडवणाऱ्या परीक्षकांचे मनापासून आभार मानलेले असतात. आणि कोपऱ्यात कल्याणचा एक डॉक्टर मागच्या संपादकाच्या काळात पाठवलेल्या निबंधाचं स्टेटस उघडून बघत असतो. ‘परीक्षणाधीन.’ सरकार बदललं, फाइल तिथेच.

तेव्हा ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या समस्त भावी संपादकांना एक विनंती. निवड झाली की अभिनंदनाचा फ्लेक्स जुईनगर स्टेशनाबाहेर लावा, दिल्लीत लावा, हवा तिथे लावा. टेंभी नाक्यावर जागा शिल्लक नाही.