अंतरपाट जरा खाली घ्या

चि. सौ. कां. वधूस,

लग्न ठरल्याचं कळलं, आनंद झाला. मुलगा कसा आहे ते सवडीने सांग. आधी फोटोग्राफर मिळाला का ते कळव. तुळशीचं लग्न लागलं की सगळ्या गावाची लग्नं एकदम निघतात. मुहूर्त दाते पंचांगात सापडतो, पण पक्का होतो फोटोग्राफरच्या डायरीत. तुझ्या वडिलांनी एका स्थळाला मंगळ आहे म्हणून नकार दिला होता म्हणे. आता फोटोग्राफर म्हणाला ‘मंगळवारच मोकळा आहे’, तर ते निमूट मंगळवार धरतील.

फोटोग्राफर एक नव्हे, बरेच जण येतील. त्यांतला ट्रॅडिशनलवाला म्हणेल, ‘मॅडम, इकडे बघा’. त्याच क्षणी कँडिडवाला म्हणेल, ‘मॅडम, इकडे बघू नका’. दोघांचेही पैसे दिलेले असतात, तेव्हा तू गुरुजींकडे बघावंस. फोटोत सालस दिसशील. सिनेमॅटिकवाला काहीच बोलत नाही, तो पाठीमागे उलटा चालत येतो आणि वरमायच्या पायावर पाय देतो. ड्रोनवाला लॉनवर असतो. ड्रोन खाली आला की मुंडावळ्या उडतात आणि अक्षता टाकणाऱ्याच्याच डोक्यावर परत येतात.

सकाळी तुझं ‘गेटिंग रेडी’ होईल. म्हणजे पहाटे चारला उठून तू पूर्ण नटायचंस आणि मग कॅमेरे आले की कानातला एक झुमका काढून परत घालायचास. शालू तोवर खिडकीच्या गजाला हँगरवर टांगलेला असेल, कारण त्याचा एकट्याचा फोटो निघायचा आहे. पायताणांचाही निघतो. तुझा नंबर त्यानंतर. आई नथ घालतेय असा एक शॉट सक्तीचा असतो. नथ दाबाची असल्यामुळे ती तिसऱ्या टेकला पडते. आईला आधीच समजावून ठेव की डोळ्यांत पाणी आणायचं, पण ओघळू द्यायचं नाही.

मेकअपबद्दल मात्र थट्टा बाजूला ठेवून सांगते. उन्हाचं क्रीम लावून बसू नकोस. त्यात झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलं की फ्लॅशचा उजेड तसाच परत फिरतो आणि चेहरा पिठाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखा पांढरा येतो. मान मात्र आपल्या मूळ रंगाची राहते. काही पावडरीही हाच घोळ करतात. आरशात काही कळत नाही. ट्रायलच्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा फ्लॅश टाकून एक फोटो काढ आणि त्यावरून ठरव. नवीन फेशियल आदल्या दिवशी तर मुळीच नको. नव्या क्रीमने पुरळ उठलंच, तर हळदीमुळे उठलं असं सांगून वेळ मारून नेता येत नाही.

हळदीचंही बदललंय म्हणा. पूर्वी नवऱ्या मुलाची उष्टी हळद यायची आणि आत्या-मावश्या ती हाताला लागेल तिथे फासायच्या. आता फासायची नसते, दोन बोटांनी गालाला टेकवायची असते, तीही लेन्सच्या बाजूच्या गालाला. कोपरापर्यंत हळदीत बुडालेल्या तुझ्या मावशीला ‘काकू, थोडं साइडला’ ऐकावं लागेल. तिने पंचवीस लग्नं हळदीने रंगवली आहेत आणि तिला पिवळ्या गॉगलची थीम कुणी कळवलेलीच नाही.

आता मुख्य विषय. मधे अंतरपाट धरतात तो वधूवरांनी एकमेकांना शेवटच्या ‘सावधान’नंतरच पाहावं म्हणून. तुम्ही दोघं जानेवारीत पानशेतच्या पाण्यात गुडघाभर उभे राहून प्री-वेडिंग करून याल. मेणवलीच्या घाटावर नाना फडणवीसांच्या काळातल्या पायऱ्यांवरून हातात हात घालून सतरा वेळा उतराल. लग्नाच्या सकाळी ‘फर्स्ट लुक’ होईल. त्यात तो तुला पाहून डोळे पुसेल, पहिल्या वेळी नीट पुसले गेले नाहीत म्हणून पुन्हा पुसेल. इतकं झाल्यावर मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट दूर होतो आणि तुला विस्मयाने बघायचं असतं. हे अवघड काम आहे. मोठमोठ्या नट्यांना जमत नाही. त्यातून अंतरपाट उंच धरला की चेहरा झाकतो, म्हणून मागून हाक येते, ‘गुरुजी, अंतरपाट जरा खाली घ्या!’ गुरुजी घेतात. त्यांनाही आता सवय झाली आहे. काही गुरुजी तर मंगळसूत्र बांधताना आपण होऊन विचारतात, ‘आला का? की परत?’

तुझ्या मामाचं वाईट वाटतं. भाचीला हाताला धरून बोहल्यावर आणायचा मान त्याचा. आता तू चार भावांनी धरलेल्या फुलांच्या चादरीखालून, पंजाबी गाण्यावर, संथ गतीने येणार. मामाने फेटा खास कोल्हापूरहून बांधणारा आणून बांधून घेतलेला असेल. तो फेटा अल्बमात एका कोपऱ्यात, अर्धा, दिसेल.

उजेडाच्या बाबतीत जुनी माणसं शहाणी होती, हे कबूल करायला हवं. सूर्य मावळतानाचा गोरज मुहूर्त धरला की तिरपा, सोनेरी उजेड फुकट मिळतो. ह्याच घटकेला फोटोग्राफर ‘गोल्डन अवर’ म्हणतो आणि तिचे वेगळे पैसे लावतो. तुझा मुहूर्त मात्र दुपारी 12 वाजून 37 मिनिटांचा असेल. लॉनवर ऊन थेट डोक्यावर, डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली. ती घालवायला दोन मुलं चंदेरी छत्र्या धरून उभी राहतील. मग लाजाहोमाचा धूर झाला की ‘मॅडमचा आयलायनर जाईल’ म्हणून होम आवरता घ्यायला सांगतील आणि रिसेप्शनला मशीनने मुद्दाम धूर सोडतील.

तुझ्या आजीच्या लग्नात एक रोल होता, 36 फोटोंचा. त्यातल्या चारांत कुणाचे तरी डोळे मिटलेले आहेत, पण कोण कोण आलं होतं ते सगळं कळतं. तुला पेनड्राइव्हमध्ये हजारो मिळतील आणि ‘अल्बमसाठी निवडून द्या’ असा निरोप येईल. निवड होईपर्यंत बारसं येतं. त्याचं बुकिंगही फोटोग्राफरकडेच असतं.

एक काम मात्र विसरू नकोस. विवाह नोंदणीला दोघांचे पासपोर्ट आकाराचे फोटो लागतात आणि तीन साक्षीदार. ड्रोनचं फुटेज तिथे चालत नाही. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊन ते आत्ताच काढून ठेव, मेकअप न करता.