मोफत हवेचं मशीन बंद ठेवणाऱ्या पंपमालकास

पंपमालक,

'रा. रा.' लिहिण्याची इच्छा नाही, म्हणून नुसतंच पंपमालक.

तुमच्या पंपावर मोफत हवेचं मशीन आहे. त्यावर 'बंद आहे' असं लिहिलेला पुठ्ठा लटकतो. पावसाने त्यावरची अक्षरं विटली, तरी मशीन काही दुरुस्त झालं नाही. शेजारचं नायट्रोजनचं हिरवं मशीन मात्र कधीच बिघडत नाही. वरचेवर भरायला चाकामागे दहा रुपये, पहिल्यांदा भरायला वीस. दोन्ही मशीनना वीज एकाच मीटरवरून येते. मग बिघाड नेमका फुकटच्याच बाजूला कसा होतो, याचं उत्तर तुम्ही द्यायला हवं.

पंपावर वाहनांना मोफत हवा देणं तेल कंपन्यांच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. पिण्याचं पाणी आणि तक्रार पुस्तिका जशी सक्तीची, तशीच हवाही. ती तुमची मेहेरबानी नाही. डीलरशिप घेताना तुम्ही मान्य केलेली अट आहे.

आता तुमच्या पाटीकडे येतो. 'विमानाच्या टायरमध्ये वापरला जाणारा गॅस' असं त्यावर ठळक लिहिलंय. विमानाचं नाव घेतलंत, तर विमानात काय घडलं तेही सांगा. 31 मार्च 1986 रोजी मेक्सिकाना कंपनीचं बोइंग 727 मेक्सिको सिटीहून उडालं आणि डोंगरावर कोसळलं. 167 माणसं गेली. ब्रेक घासत राहून भयंकर तापला होता आणि त्या चाकात नायट्रोजनऐवजी साधी हवा होती. उष्णतेने आतल्या रबरातून ज्वालाग्राही वायू सुटले, हवेतला ऑक्सिजन त्यांना मिळाला आणि टायरचा स्फोट झाला. त्यानंतर 1987 मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने मोठ्या विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत नायट्रोजन सक्तीचा केला. तिथे तो माणसं वाचवतो. तुमच्याकडे येणाऱ्या स्प्लेंडरचा ड्रम ब्रेक त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही. 167 मृत्यूंतून आलेला नियम दहा रुपयांच्या पाटीवर वापरताना तुम्हाला संकोच वाटला नाही, एवढंच मला त्या पाटीवरून कळतं.

'उन्हात प्रेशर वाढत नाही' हा पाटीवरचा दुसरा दावा. तो सरळ खोटा आहे. बंद जागेतला कुठलाही वायू तापला की त्याचा दाब वाढतो, आणि या बाबतीत नायट्रोजन आणि हवा जवळजवळ सारखेच. मोटारसायकलच्या चाकात 28 पीएसआय असेल, तर 10 अंश तापमान वाढल्यावर साधारण दीड पीएसआय वाढणार, आत काहीही भरा. फरक पडतो तो पाण्याच्या वाफेमुळे. रेसिंगवाल्यांना कोरडा वायू हवा असतो तो त्यासाठी. तसा कोरडेपणा तुम्ही फुकटच्या हवेतही बऱ्यापैकी आणू शकता. कॉम्प्रेसरच्या टाकीखाली एक कॉक असतो. तो रोज उघडून साचलेलं पाणी सोडून द्यायचं. तुमच्या टाकीचा कॉक शेवटचा कधी उघडला होता?

दहा रुपयांत गिऱ्हाइकाला मिळतं काय, तेही मांडतो. हवेत नायट्रोजन मुळातच 78 टक्के असतो. समजा तुमच्या मशीनमधून 95 टक्के शुद्ध नायट्रोजन येतो. एखाद्याच्या चाकात 20 पीएसआय हवा आहे आणि तुमच्या मशीनवरचा पोरगा ती 28 वर नेतो. बाहेरच्या वातावरणाचा दाब धरून हिशेब केला, तर आतल्या वायूचा चार पंचमांश भाग ती जुनी हवाच असते. चाकातला नायट्रोजन 78 वरून 81 टक्क्यांवर जातो. तीन टक्क्यांसाठी दहा रुपये. ट्यूबलेस टायर पूर्ण रिकामा करून भरला, तरी आत वातावरणाच्या दाबाची हवा राहतेच, म्हणून एका भरण्यात आकडा नव्वदीच्या आतच राहतो. खरोखर शुद्ध भरायचं तर दोन-तीनदा रिकामं करून भरावं लागतं. रांग लागलेली असताना तुमच्या पंपावर ते कोणी करताना मला दिसलेलं नाही.

नायट्रोजन वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. रबरातून ऑक्सिजन लवकर झिरपतो, नायट्रोजन सावकाश, हे खरं आहे. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने मोटारींच्या 31 प्रकारच्या टायरांवर हे वर्षभर तपासलं आणि 2007 मध्ये निष्कर्ष छापले. सुरुवात 30 पीएसआयला. वर्षअखेर हवेच्या टायरातून सरासरी 3.5 आणि नायट्रोजनच्या टायरातून 2.2 पीएसआय गेले. फरक 1.3 पीएसआयचा, तोही वर्षाचा. महिन्यातून एकदा फुकटची हवा तपासणाऱ्याला तो जाणवणारही नाही. आणि नायट्रोजनचाही दाब उतरतोच, हे विसरू नका.

हे सगळं दहा रुपयांचंच असतं, तर मी पत्र लिहिलं नसतं. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. तुमचा पोरगा प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन वाक्यं सांगतो: 'आता सहा महिने बघायला नको' आणि 'यात साधी हवा मिक्स करू नका, टायर फुटेल.' त्याला हे तुम्ही शिकवलंत, म्हणून त्याच्यावर नाही, तुमच्यावर रागावतो.

पहिल्या वाक्याने माणूस गेज बघणं सोडतो. खिळा लागला, वॉलची पिन सैल झाली, ट्यूबला बारीक भोक पडलं, तर आत कुठला वायू आहे याने काय फरक पडतो? दुचाकीच्या टायरात मुळात वायू थोडा, त्यामुळे छोटी गळतीही लवकर भोवते. दुसरं वाक्य त्याहून घातक. चाक बसलंय हे दिसत असूनही माणूस रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडून हवा भरून घेत नाही, पुढच्या नायट्रोजनपर्यंत तसाच रेटतो. आणि मिसळलं तर काय होतं? 78 टक्के नायट्रोजनमध्ये थोडा जास्त नायट्रोजन मिसळतो. बाकी काहीही होत नाही.

कमी हवेने मात्र होतं. टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला वाजवीपेक्षा जास्त दबतात आणि आतून तापतात. वळणावर गाडी डगमगते. ट्यूबच्या टायरचं तर आणखी वाईट. हवा फार कमी असली की टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि वॉल मुळाशी फाटतो. मग हवा एका क्षणात जाते. मोटारीला चार चाकं असतात, ती डगमगत का होईना थांबते. खंबाटकी घाटाच्या उतारावर, जुलैच्या पावसात, मागे बायको आणि पुढे टाकीवर पोर घेऊन जाणाऱ्या माणसाला दोनच चाकं असतात. पार्सल पोचवणारी पोरं दिवसभर तुमच्याकडे येतात, मागच्या चाकावर पेटीचं ओझं घेऊन. त्यांनी रोज हवा बघायला हवी. एका फेरीतून हातात किती उरतं याचा हिशेब करणारा पोरगा दोन चाकांना वीस रुपये देण्यापेक्षा उद्या बघू म्हणतो. त्याच्या उद्यावर तुम्ही धंदा उभा केलाय.

नायट्रोजन विका. ज्याला हवा तो घेईल. पण आधी तो पुठ्ठा काढा, मशीन दुरुस्त करा आणि पाइप मागच्या चाकापर्यंत पोचेल एवढा लांब ठेवा. गेज तपासून घ्या, कारण चुकीच्या गेजने भरलेला नायट्रोजनही चुकीचाच. 'सहा महिने' आणि 'फुटेल' ही दोन्ही वाक्यं बंद करायला पोराला सांगा. त्याऐवजी त्याने गिऱ्हाइकाला चेनकव्हरवरचं किंवा स्विंगआर्मवरचं स्टिकर दाखवावं. पुढच्या-मागच्या चाकाचा दाब, एकट्याचा आणि डबलसीटचा, त्यावर गाडीच्या कंपनीनेच छापलेला असतो.

पुढच्या सोमवारी मी पंपावर येणार आहे. मशीन चालू नसेल, तर तक्रार पुस्तिका मागेन. तीही 'बंद आहे' म्हणालात, तर तेल कंपनीच्या विभागीय कार्यालयाचा पत्ता तुमच्याच फलकावर आहे.

दोन चाकांवरचा एक गिऱ्हाईक