तुज्या घोवाक सांग

माणसाला मालवणची सासुरवाड मिळावी आणि त्याने तिथे जाऊन गप्प बसून सुरमई खावी, एवढं साधं सुख देवाने माझ्या पदरात टाकलं होतं. पण मला वाचनाची खोड. दिवाळीला निघण्याआधी मी समुद्रावर बरंच वाचलं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, कारण तो बऱ्याच माशांचा विणीचा काळ. पापलेट २०२३ पासून आपला राज्यमासा, आणि १३५ मिलिमीटरच्या आतलं पापलेट धरायला मनाई, कारण तोवर ते एकदाही व्यालेलं नसतं. हे सगळं मी गाडीत कणकवलीपर्यंत बायकोला ऐकवलं. ती मालवणातच वाढलेली. ती झोपली.

पहिल्याच सकाळी मी गोणपाट घेऊन दांडीच्या किनाऱ्यावर सफाईला गेलो. बाटल्या, थर्माकोल, दोऱ्या असं गोळा करता करता पुढे वाळूत चांगलं मोठं जाळं पडलेलं दिसलं. टाकून दिलेली जाळी समुद्रात गेली की वर्षानुवर्षं मासे आणि कासवं अडकवत राहतात, त्यांना भुताळी जाळी म्हणतात, हे मी वाचलेलं होतं. तेव्हा कंबर कसून मी त्या भुताचं एक टोक गोणपाटात कोंबायला लागलो. कोंबतोय, कोंबतोय, पण भूत काही संपेना. मागून आवाज आला, "ओ भाऊ, आमचा जाळा घेवन खय चल्लात?"

ते वाळत घातलेलं रापणीचं जाळं होतं. रापण म्हणजे होडीतून अर्धगोल जाळं टाकायचं आणि किनाऱ्यावरून सगळ्या वाडीने दोन्ही बाजूंनी ओढायचं. मासळीचे वाटेही सगळ्यांत होतात. म्हणजे मी एका माणसाचं नाही, अख्ख्या वाडीचं जाळं गोणपाटात भरत होतो. त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. रापण ओढायच्या वेळी दोरीला उभं केलं, आणि माझ्या हिश्शाचं ओढून संपायच्या आत मी वाळूत बसलेला होतो.

बाजारात मी बायकोच्या शिवणकामाची टेप घेऊन गेलो. एका मावशींच्या पाटीत वीतभरही नसलेले बांगडे पाहून रक्त उसळलं. बांगड्याला किमान १४० मिलिमीटर लागतात, हे तोंडपाठ. मी टेप लावली, मोठ्याने आकडा वाचला आणि पोरवयातले मासे विकू नयेत यावर दोन शब्द बोललो. मावशींनी मान वर न करता शेजारणीला सांगितलं, "हे बांगड्याचे पोर न्हय, पेडव्यांचे आजे आसत." पेडवा हा वेगळाच मासा, तो एवढाच होतो. मी भरपाई म्हणून दोन वाटे घेतले. मावशींनी भाव जरा चढाच लावला असावा.

एवढ्यावर कोणी शहाणा थांबला असता. मला मात्र तिसरे, म्हणजे खाडीतले शिंपले, स्वतः काढायचे होते. सासऱ्यांनी भरतीचं गणित सांगितलं: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा. मी पहाटे सहाला खाडीवर हजर, आणि पाणी मांडीपर्यंत, कारण सहाला भरती असते हा वाक्याचा अर्धा भाग मी ऐकलेला नव्हता. बारापर्यंत बसून राहिलो. त्यातही अष्टमीची ओहोटी भांगाची. पाणी अमावास्या-पौर्णिमेसारखं लांब हटतच नाही. उघडा पडला तो फक्त व्हाळाच्या तोंडाजवळचा चिखल. त्यात मी तिसरे खणले. पाय उपसताना एक प्लॅस्टिकची चप्पल तिथेच राहिली आणि शोधूनही सापडली नाही. आदल्या दिवशी किनाऱ्यावरून उचललेल्या कचऱ्यातून ती आता वजा करायची.

सासूबाई माझ्याशी थेट बोलत नाहीत, सगळं लेकीमार्फत. टोपली पाहून त्यांनी विचारलं, "तुज्या घोवान हे खयसून हाडले?" मी जागा सांगितली. गावातल्या सगळ्या गटारांचं पाणी त्या व्हाळातून खाडीत येतं. तिसरे दिवसभर पाणी गाळत बसतात. पाण्यात जे असेल, जंतू म्हणा, घाण म्हणा, ते त्यांच्या पोटात साठतं. मिठाच्या पाण्यात ठेवले की वाळू ओकतात, पण बाकीचं तेवढ्याने निघत नाही, आणि काही विषं तर उकळूनही जात नाहीत. "तुज्या घोवाक सांग, हे आमच्या मांजराक पण घालूचे नाय." सासूबाईंनी चुलीवर कुळथाची पिठी ठेवली. मी टोपली घेऊन परत खाडीवर, एका चपलेवर.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओळखीच्या बाईने खाडीच्या वरच्या, स्वच्छ अंगाचे तिसरे आणून दिले. विळीवर बसायला मला मनाई, म्हणून शिंपा उघडण्याऐवजी ते नुसते उकडायचे ठरले आणि मला टिचकीचं काम मिळालं: तोंड उघडं दिसेल त्या तिसऱ्याला टिचकी मारायची, मिटला तर जिवंत, नाही मिटला तर फेकायचा. एकाने मिटता मिटता माझ्या डोळ्यात पिचकारी मारली. तो नक्कीच जिवंत होता.

जेवताना माझ्या ताटात एक तिसरा उकडूनही मिटलेलाच निघाला. असा खायचा नसतो, बाजूला ठेवायचा, हेही मी वाचलेलं होतं. तरी आत काय आहे ते बघावं म्हणून चमच्याचं टोक फटीत घालून जरा जोर दिला, आणि तो तिथून उडाला तो सरळ सासऱ्यांच्या सोलकढीत.

सासऱ्यांनी वाटी बाजूला सरकवली. सासूबाई लेकीकडे वळल्या.