विनोदाचे जतन: एक आभारपत्र

जुना विनोद आज टिकत नाही, अशी ओरड असते. पु. ल. देशपांडे यांची ‘म्हैस’ पाहा. कोकणातून मुंबईला निघालेली एसटी, आडवी आलेली म्हैस, खोळंबलेले प्रवासी, रखडलेला पंचनामा. आजचा प्रेक्षकही पोट धरून हसतो. श्रेय सगळे पुलंना देणे अन्यायाचे होईल. विनोद ताजा राहावा म्हणून रस्ते बांधणाऱ्या सरकारी यंत्रणांनीही अपार कष्ट घेतले आहेत. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू करून त्यांनी ते घाईने उरकले नाही. नाहीतर प्रवासी सुसाट निघून गेले असते आणि मराठी विनोदाची अपरिमित हानी झाली असती.

यापुढे प्रत्येक खड्ड्याला वारसा दर्जा द्यावा, बुजवणाऱ्यावर साहित्यद्रोहाचा गुन्हा नोंदवावा, आणि टोलच्या पावतीवर ‘करमणूक शुल्कासह’ असे छापावे.

मात्र काहीच सुधारले नाही, असे कृतघ्नपणे म्हणू नये. तेव्हा म्हशीच्या पंचनाम्यासाठी अख्खी एसटी ताटकळत असे. आता विनोदाचा पंचनामा करायला मंडळी कार्यक्रम संपायच्या आत हजर असतात.