पैसे भरायचे आणि हळू धावायचं!

काय दिवस आले, राजेहो! माणूस शर्यतीत नाव घालतो, फी भरतो, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने परगाव गाठतो, पहाटे चारला उठून छातीवर नंबर लावतो आणि धावतो कसा? तर मुद्दाम हळू! मागून येणारे आजोबा पुढे निघून जातात, शाळकरी पोर पुढे निघून जातं आणि हा गडी हसत सांगतो, "आपली खरी शर्यत जानेवारीत, मुंबईला. ही नुसती सरावाची." अरे बावा, सरावच करायचा होता तर घराजवळचा राजूर घाट काय कुणी उचलून नेला होता? घाट फुकट, हवा फुकट, वर बघायला माकडंही हजर!

आणि अंतर तरी किती? एकवीस किलोमीटर, वर साडेसत्त्याण्णव मीटर! हे जास्तीचे मीटर कुणी मागितले होते? तर 1908 सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन विंडसरच्या राजवाड्यापासून सुटली आणि स्टेडियमात राजघराण्याच्या आसनांपुढे संपली. त्या हिशेबाने पूर्ण मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची झाली आणि हे तिचं अर्धं. म्हणजे इंग्लंडच्या राजाराणीची सोय पाहायची त्यांनी आणि गुडघे झिजवायचे चिखलीच्या कापडदुकानदाराने!

बाटलेल्यांची यादी तरी काय सांगावी? मास्तर बाटले, डॉक्टर बाटले, पतसंस्थेचे वसुलीवाले बाटले. पूर्वी चार माणसं भेटली की कापसाचा भाव निघायचा, आता नाडीचा निघतो. "काल झोन टूमध्येच होतो ना भाऊ!" म्हणजे काय, तर धावताना धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एक महाशय त्यासाठी चक्क मारुतीस्तोत्र म्हणत धावतात. श्वास मध्ये तुटला की वेग कमी! तिकडे नांदुऱ्याला 105 फुटी मारुती उभा आहे. ज्या देवाने एका उड्डाणात समुद्र ओलांडला, त्याचंच स्तोत्र भक्तांनी हळू धावायला वापरावं?

मैदानावरचा देखावा तर याहून बहारदार. एकीकडे पोलीस भरतीची पोरं 1600 मीटरसाठी जीव काढताहेत, सेकंदासेकंदावर त्यांचे गुण ठरणार. त्यांच्या शेजारून महागडं घड्याळ बांधलेले काका रमतगमत जातात. "काका, इतकं हळू कायले धावून राहिले?" "बेटा, एन्ड्युरन्स!" पोरगं बिचारं घाम पुसत बघत राहतं.

बरं, बोलायची सोय नाही, कारण शास्त्र त्यांच्या बाजूचं. स्टीफन सायलर नावाच्या संशोधकाने अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तर दहातली आठेक सत्रं सावकाश! शर्यतीत जीव तोडून धावलं की अंगाची झीज भरून यायला आठवडे लागतात. हळू धावलं की पहाटेची घाई, नवे बूट, वाटेतलं पाणी, तो चिकट गोड जेल, सगळ्याची रंगीत तालीम होते आणि पाय शाबूत राहतात. अवघड एकच, सुटताना पाय आवरणं. भोवतीची गर्दी उधळलेली असताना स्वतःला मागे खेचायचं, हे काय खायचं काम आहे?

आणि कित्येकांना ते जमत नाहीच! एकवीस किलोमीटर संतासारखे येतात, शेवटच्या वळणावर फोटोग्राफर दिसला की झोन टू गेला खड्ड्यात! छाती पुढे, पोट आत, अशी मुसंडी मारतात की पुढचे दोन दिवस जिना उलटा उतरावा लागतो. दुसरी जात त्याहून बेरकी. यांना जोरात धावता येतच नव्हतं, पण वेळ विचारली की उत्तर तयार, "मुद्दामच हळू घेतलं." नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्यांना इतकी शास्त्रशुद्ध सबब याआधी कधी मिळाली होती का?

तसं पाहिलं तर आपल्याकडे यात नवं ते काय? गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते तेव्हा खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा हजारो माणसं पायी चालतात. ना फी, ना पदक, ना घड्याळ. बोलत, भजन म्हणत, कुणाला मागे टाकायची घाई नसलेली ही चाल म्हणजे झोन टू नाही तर काय?

तेव्हा नाकं मुरडणं आता पुरे. तुमच्या गाडीच्या डिकीत बूट पडलेत, हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्याही पडलेत. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. त्याच्या तीन-चार आठवडे आधी एक एकवीस सावकाश मारून या, आणि फोटोग्राफर दिसला तरी वेग वाढवू नका. घरी कुणी विचारलंच, तर दूध आणायला गेलो होतो म्हणून सांगा.