नऊ ग्रॅम कणीक

घरी स्पीकर बनवणारा माणूस त्याच्या स्पीकरवरून ओळखू येत नाही, कारण ते बहुधा अर्धवटच असतात. तो ओळखू येतो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावरून. काट्यावर कणकेचा गोळा असतो आणि तो पोळीसाठी नसतो. बरोबर नऊ ग्रॅम भरला की तो वूफरच्या कोनावर, मधल्या टोपीभोवती सारखा थापायचा असतो. ‘नाणी चिकटवा की, अन्नाची नासाडी कशाला?’ हा घरातला आक्षेप रास्तच. पण रुपयाचं नाणं पडलं स्टीलचं. खालचं चुंबक त्याला ओढायला लागलं की मोजमापाचं वाटोळं.

मोकळा वूफर 40 हर्ट्झला घुमत होता, कणीक लावल्यावर 32 ला घुमायला लागला. 40 ला 32 ने भागून वर्ग करा, एक वजा करा, 0.5625 उरतात. नऊला त्याने भागलं की सोळा. म्हणजे कोन आणि त्याला जोडून हलणारं सगळं मिळून सोळा ग्रॅम. एवढं कळलं की कोन धरून ठेवणारी लवचीक कडा आणि जाळी किती ताठ आहेत ते निघतं, आणि त्यावरून खोक्याचं गणित सुरू होतं. कणीक मग चिमणीला जाते.

ही विद्या ऑस्ट्रेलियातली. नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये तिथल्या रेडिओ इंजिनिअरांच्या नियतकालिकात दाखवून दिलं, की वूफर आणि खोका मिळून एक फिल्टर होतो आणि तो कागदावर सोडवता येतो. बाकीच्या जगाने निवांत दहा वर्षं घेतली. 1971 मध्ये अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलने लेख पुन्हा छापला, तेव्हा कुठे गाजावाजा झाला. सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पुढे नेलं, आणि वूफरच्या डेटाशीटवर एफएस (कोन घुमतो ती कंप्रता), क्यूटीएस (ते घुमणं किती आवरलेलं आहे त्याचा आकडा) आणि व्हीएएस (कोनाच्या धारणेइतकीच लवचीक असलेली हवा, लिटरमध्ये) ही त्रिमूर्ती कायमची विराजमान झाली.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मात्र तिचं दर्शन दुर्मीळ. ‘क्यूटीएस किती?’ असं विचारावं, तर काउंटरमागून ठाम उत्तर येतं, ‘साहेब, दोनशे वॉट.’ पुढे विचारण्यात अर्थ नसतो.

डेटाशीट मिळाली तरी ती जशीच्या तशी मानू नये. क्यूटीएस 0.4 आणि व्हीएएस 30 लिटर असं छापलेलं असेल, तर बंद खोक्यात बसल्यावर क्यूचा 0.707 हा सर्वमान्य आकडा गाठायला 14 लिटर पुरतात. पण हातात आलेल्या नगाचं चुंबक जरा अशक्त निघालं आणि मोजल्यावर क्यूटीएस 0.5 भरला, तर त्याच हिशेबाने 30 लिटर लागतात. दुप्पट! सुतार तोवर 14 लिटरचे दोन खोके चकाचक पॉलिश मारून, उरलेले पैसे घ्यायला दारात उभा असतो. उलट, एफएस आणि क्यूटीएस दोन्ही वाढलेले आणि व्हीएएस घसरलेला दिसला, तर घाबरून जाऊ नये. नवा वूफर कडक असतो, इतकाच त्याचा अर्थ. तिन्ही आकडे एकमेकांना सांभाळून घेतात आणि खोका जवळपास तोच राहतो. म्हणून मोजायचं आधी आणि सुताराला बोलवायचं नंतर. हौशी मंडळींत हा क्रम पाळणारे विरळाच.

सगळ्यात फसवा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक विजेवर वूफर किती मोठा वाजतो त्याचा. फ्लॅट विकताना बिल्डर सुपर बिल्टअप सांगतो आणि राहायला कार्पेट मिळतो, तसंच हे. छापलेलं असतं 90 डेसिबल. पण मोजताना दिलेले असतात 2.83 व्होल्ट, म्हणजे आठ ओहमला एक वॉट आणि चार ओहमला दोन. वूफर चार ओहमचा असेल तर तीन डेसिबल तिथेच गेले. शिवाय कंपनीने तो भल्यामोठ्या फळीत बसवून मोजलेला असतो. आपल्या वीस सेंटिमीटर रुंद खोक्यात साधारण 600 हर्ट्झच्या खालचा आवाज पुढे यायचं सोडून खोक्याला वळसा घालून मागे पसरतो. त्यात आणखी सहापर्यंत डेसिबल जातात. मागे भिंत जवळ असेल तर त्यातले दोन-तीन परत मिळतात.

मग उरते घरातली मोजणी. पंखा बंद, खिडक्या बंद, टीव्हीवरची मालिका बंद. माइक स्पीकरसमोर एक मीटरवर, दोन्ही जमिनीपासून 1.2 मीटर उंच. स्पीकरमधून खालून वर चढत जाणारा सूर निघतो आणि शेजारच्या काकू बेल वाजवून विचारतात, ‘गॅस लीक झालाय का हो?’ थेट आवाजाचा रस्ता एक मीटरचा, फरशीवरून उसळून येणाऱ्याचा 2.6 मीटरचा. प्रतिध्वनी पावणेपाच मिलिसेकंदांनी येऊन थडकतो, त्याच्या आधी कात्री लावावी लागते, आणि त्यामुळे साधारण 215 हर्ट्झच्या खाली आलेखावर विश्वास ठेवता येत नाही. खालच्या भागासाठी डॉन कील यांनी 1974 मध्ये सांगितलेला उपाय आहे: माइक कोनाच्या अगदी नाकाशी नेऊन धरायचा. तिथे खोलीचं काही चालत नाही. मग हे दोन तुकडे एकमेकांना जोडायचे. सांधा कुठे घालायचा यावरून दोन हौशी माणसं वर्षभर अबोला धरू शकतात.

इतकं करून निघालेला आलेख सह्याद्रीच्या रांगेसारखा दिसतो. कंपन्या आपले आलेख गुळगुळीत करून छापतात म्हणून ज्याने महिनाभर तणतण केलेली असते, तोच गृहस्थ आता सॉफ्टवेअरमध्ये एक-तृतीयांश ऑक्टेव्हचं स्मूदिंग निवडतो. उभी पट्टी पन्नास डेसिबलची होती, ती शंभरची करतो. डोंगर सपाट होतात. मग तो आलेख मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो, खाली एवढंच लिहून: ‘अजून ट्यूनिंग बाकी आहे.’