गाणं मध्ये येऊ नये म्हणून

भारी स्पीकर गाणी ऐकण्यासाठी घेतात, हा समज ज्यांच्याकडे भारी स्पीकर नाहीत अशा लोकांनी पसरवला आहे. गाणं काय, लोकलमध्ये शेजारच्याच्या मोबाइलवरही ऐकू येतं. वर फुकट, आणि नको असलं तरी येतं. गाण्यासाठी एवढा खर्च करणारा माणूस मूर्खच म्हणायला हवा. आमचे वाशीचे एक स्नेही मूर्ख नाहीत. त्यांनी खर्च केला आहे तो खोलीत स्पीकर बसवण्यासाठी.

सिडकोच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते राहतात. तिथल्या दहा बाय बाराच्या खोलीत छातीपर्यंत येणारे दोन स्पीकर आले. किंमत घरात सांगितली ती एक, आम्हाला सांगितली ती दुसरी, आणि खरी तिसरीच असावी. लिफ्ट नाही. जिन्याच्या वळणावर खोकं अडलं, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं. खोकं त्यांच्या हॉलमध्ये शिरलं, टीव्हीसमोर वळलं आणि पुन्हा जिन्यावर आलं. काकूंनी हमालांना पाणी दिलं आणि विचारलं, "फ्रिज का?" स्नेही म्हणाले, "हो." ज्ञान पात्र पाहूनच द्यावं.

चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी १९६५ साली खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली. सेक्टर आखले गेले, रस्ते झाले, १९९२ साली रेल्वे वाशीपर्यंत आली. पण दहा बाय बाराच्या खोलीत खर्जाची सोय काय, हा प्रश्न कुणाही नगररचनाकाराला पडला नाही. तो स्नेह्यांना पडला. बारा फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा स्वर घुमत राहतो, दहा फुटांत ५६चा आणि साडेनऊ फुटी छताखाली ५९चा. हे तिघे त्या खोलीचे पागडीचे भाडेकरू. गवई कुणीही येवो, हे मध्ये बोलणारच. भिंतीला टेकून बसलं तर खर्ज अंगावर येतो, बरोब्बर मधोमध बसलं तर त्यातला काही गायबच होतो. म्हणून जाणकार सांगतात, खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसा. बारा फुटांत हे माप मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर येतं. तिथे खुर्ची ठेवली की कपाटाचं डावं दार उघडत नाही.

डाव्या दारामागे वहिनींच्या साड्या आहेत. "अहो, परवा सानपाड्याला मुंज आहे, पैठणी कशी काढू?" असं त्यांनी विचारलं तेव्हा स्नेही गुडघ्यांवर बसून, लेझरचा ठिपका पाहत, उजवा स्पीकर आत वळवत होते. "परवापर्यंत टो-इन होईल," ते म्हणाले. फरशीवर मास्किंग टेपच्या खुणा आहेत आणि प्रत्येक खुणेवर पेनाने तारीख आहे. कामवाल्या मावशींना त्या भागात लादी पुसायला बंदी आहे, आणि माझ्या माहितीत घरातल्या सुधारणेवर खूश झालेली ती एकमेव व्यक्ती.

स्नेह्यांच्या निष्ठेला मोठी परंपरा आहे. हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात आवाज पाच-साडेपाच सेकंद घुमत राही, बोललेलं कळत नसे. १८९५ साली ते दुरुस्त करण्याचं काम वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. हा गृहस्थ रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. पुढे त्याच्या लक्षात आलं की, अंगातले कपडेसुद्धा आवाज शोषतात. मग आधीची मोजमापं बाद करून तो दर वेळी एकाच पोशाखात मोजू लागला. या खटाटोपातून १९०० साली बॉस्टनचा सिम्फनी हॉल उभा राहिला. स्नेह्यांनी त्यातला पोशाखाचा भाग जसाच्या तसा उचलला आहे. मापं घेताना ते एकच निळा सदरा घालतात. तो धुवायला टाकत नाहीत, कारण धुतल्यावर कापड मऊ पडतं.

दिवसा ऐकणं अशक्यच. हार्बरची लोकल, कुकरच्या शिट्ट्या, वरच्या मजल्यावर कायम चालू असलेलं ड्रिल. त्यामुळे शेवटची गाडी गेल्यावर बैठक बसते. आता रहिवासी भागात रात्री दहानंतर कायद्याची मर्यादा ४५ डेसिबलची, आणि शेजाऱ्यांची त्याहून कमी. स्पीकर असा की, एका वॅटला एका मीटरवर ८८ डेसिबल देतो. रात्री ते ५८वर ठेवायचं म्हटलं तर वॅटचा हजारावा भाग पुरतो. अँप्लिफायर ३०० वॅटचा आहे. उरलेले २९९ वॅट आणि ९९९ सहस्रांश प्रतिष्ठेसाठी लागतात. ते सुटे मिळत नाहीत.

डोंबिवलीची आत्या राहायला आली होती. तिला मानाने त्या खुर्चीत बसवलं, मान हलवू नको म्हणून सांगितलं आणि बालगंधर्वांचं एक पद लावलं. त्या काळचं ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून अगदी एकच आवाज. तेव्हा तो दोन्हींतून न येता बरोबर मधून, मोकळ्या भिंतीतून आल्यासारखा वाटतो. एवढे पैसे ओतून दोन वस्तू आणायच्या आणि आवाज यावा जिथे काहीच नाही तिथून! सगुणाकडून निर्गुणाकडे जायचा याहून खात्रीचा मार्ग मला तरी ठाऊक नाही. आत्याला मात्र तो मध्येच सोडावा लागला, कारण पद रंगात येत असतानाच स्नेह्यांनी ते थांबवलं.

"अरे मेल्या, पुरतं तरी होऊ दे की!"

"पुढे तेच आहे गं आत्या. नवीन वाद्य नाही एकही."

हल्ली सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. गेल्या सभेत कुणी जादा कार्पेट एरिया मागितला, कुणी कॉर्पस फंड, कुणी दोन गाड्यांचं पार्किंग. स्नेह्यांनी उभं राहून एवढंच मागितलं की, खोलीची उंची, रुंदी आणि लांबी १ : १.४ : १.९ या प्रमाणात असावी; साडेनऊ फुटी छत धरलं तर तेरा फूट चार इंच बाय अठरा फूट. बाकी घर कसंही चालेल, स्वयंपाकघर नसलं तरी चालेल. बिल्डरच्या माणसाने दोनदा विचारून वहीत उतरवून घेतलं. नंतर चहाच्या वेळी मी डोकावून पाहिलं. त्यांच्या नावापुढे "देवघर मोठे हवे" असं लिहिलं होतं.